पहिली रोड बाइक : रत्नागिरीच्या चढ-उतारांसाठी निवड, खरेदी आणि सवय

रत्नागिरीत नुसते ‘बाइक’ म्हटले की मोटारसायकलच समजली जाते. येथे विषय आहे तो डांबरी रस्त्यावर लांब अंतर कापण्यासाठी बनवलेल्या सायकलीचा. खाली वळलेले हँडल, अरुंद टायर, हलकी फ्रेम आणि मडगार्ड-कॅरिअर-स्टँड यांपैकी काहीच नाही, अशी ही सायकल असते. पुण्या-मुंबईत ती आता नवलाची राहिलेली नाही. कोकणात मात्र ती घेताना वेगळा विचार करावा लागतो. रत्नागिरीत सपाट रस्ता फार थोडा, पाऊस भरपूर आणि हवा खारी. त्यामुळे फ्रेम किती हलकी यापेक्षा सायकलीचे माप, सर्वांत हलका गिअर आणि टायरची रुंदी या तीन गोष्टी येथे जास्त महत्त्वाच्या ठरतात.

रोड बाइक वेगळी का?

साध्या सायकलीवर माणूस ताठ बसतो आणि वारा सरळ छातीवर येतो. रोड बाइकवर तो कमरेतून पुढे झुकतो, त्यामुळे वाऱ्याचा अडथळा कमी होतो. सपाट रस्त्यावर वेग वाढला की पायांची बहुतेक ताकद वारा कापण्यातच खर्च होते, म्हणून ही बैठक उपयोगी पडते. चाके बहुधा ‘७००सी’ मापाची असतात आणि टायर साधारण २५ ते ३२ मिलिमीटर रुंद. हँडलवर हात धरण्याच्या तीन जागा मिळतात : वरचा आडवा भाग, ब्रेकच्या मुठी आणि खालचा वळलेला भाग. गिअर आणि ब्रेक दोन्ही त्या मुठींवरच असतात.

रोड बाइकमध्येही प्रकार आहेत. शर्यतीच्या सायकलीत हँडल खाली आणि दूर असते. ‘एन्ड्युरन्स’ प्रकारात ते थोडे वर आणि जवळ येते, शिवाय रुंद टायरला जागा असते. पहिल्या सायकलीसाठी दुसरा प्रकार बरा. ज्यांना वाडीतल्या कच्च्या रस्त्यावरून रोज यावे-जावे लागते त्यांनी ‘ग्रॅव्हल’ सायकलीचाही विचार करावा.

पहिली गोष्ट : माप

फ्रेमचे माप चुकले तर ते पुढे दुरुस्त होत नाही. सीट वर-खाली करता येते, हँडल धरणारा स्टेम एक-दोन सेंटिमीटरने लहान-मोठा बदलता येतो, पण फ्रेम आहे तेवढीच राहते. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला बहुधा ५२ ते ५४ मापाची फ्रेम लागते. तरीही कंपनीगणिक मापे बदलतात, म्हणून त्या-त्या मॉडेलचा तक्ता पाहावा आणि शक्य असेल तर बसून बघावे. दोन मापांच्या मध्ये अडकलेल्या नवख्याने सहसा लहान माप घ्यावे. लहान फ्रेमवर हात थोडे लांब करता येतात, मोठ्या फ्रेमवर ते लांब करावेच लागतात.

सीटच्या उंचीसाठी एक ढोबळ सूत्र आहे. अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी मोजावी आणि तिला ०.८८३ ने गुणावे. ७८ सेंटिमीटर लांबी असेल तर उत्तर सुमारे ६९ येते. पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढे अंतर ठेवून सुरुवात करावी आणि मग थोडे-थोडे बदलावे. सूत्र नको असेल तर पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट : चढावरचा गिअर

रत्नागिरी खाड्या आणि सडे यांच्यामध्ये वसलेली आहे. समुद्राच्या पातळीवरचा पूल ओलांडला की जांभ्याच्या सड्यावर चढायचे आणि सडा संपला की पुन्हा पुढच्या खाडीत उतरायचे, अशी येथली वाट. चढ फार लांब नसतात, पण उभे असतात आणि पुन्हा-पुन्हा येतात.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न ‘गिअर किती?’ असा विचारू नये. ‘सर्वांत हलका गिअर कोणता?’ असा विचारावा. पुढच्या लहान चक्राचे दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात, या दोन आकड्यांत त्याचे उत्तर असते. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे जाते. मागे ३४ दात असतील तर सुमारे २.१ मीटर.

समजा, उभ्या चढावर नवख्याचा वेग ताशी ७ किलोमीटरवर आला. ३४-२८ वर त्याचे पाय मिनिटाला सुमारे ४६ फेरे घेतील, ३४-३४ वर सुमारे ५६. जुन्या शर्यतीच्या सायकलींवर पुढे ३९ आणि मागे २५ अशी जोडी सर्रास आढळते. तिच्यावर फक्त ३६ फेरे पडतील, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जवळजवळ उभे राहावे लागेल.

आता हलक्या फ्रेमशी तुलना करू. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो असतील, तर एक किलो वाचवल्याने चढावरचा भार सव्वा टक्क्याने कमी होतो. मागचे चक्र २८ ऐवजी ३४ दातांचे घेतले तर पायाला लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो. त्या गिअरमध्ये वेगही तेवढाच कमी होतो, पण सायकल ढकलत नेण्यापेक्षा ते बरे. पहिला बदल हजारो रुपयांचा असतो, दुसरा त्या मानाने स्वस्त. मात्र चेन हलवणारा मागचा डिरेलर ३४ दात पेलतो का, हे खरेदीआधीच विचारून घ्यावे.

शिमानोच्या गिअरसंचांची चढती भाजणी क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ अशी आहे. क्लॅरिसला मागे ८ चक्रे असतात, सोराला ९. सुरुवातीला हे दोन्ही पुरेसे आहेत. त्यांच्या चेन आणि कॅसेट स्वस्त पडतात आणि हे भाग खाऱ्या हवेत लवकर झिजणारे आहेत.

तिसरी गोष्ट : टायर आणि ब्रेक

अरुंद आणि दगडासारखा कडक टायर वेगवान असतो ही समजूत आता मागे पडली आहे. खडबडीत डांबरावर असा टायर उसळतो आणि ताकद वाया जाते. फ्रेममध्ये २८ मिलिमीटरचा टायर सहज मावावा, ३२ मावला तर उत्तमच. ७० किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय हवा भरून सुरुवात करावी आणि टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये.

या टायरांचा वाल्व बहुधा बारीक ‘प्रेस्टा’ प्रकारचा असतो. पेट्रोल पंपावरचा किंवा पंक्चरच्या दुकानातला नळ त्याला थेट बसत नाही. त्यामुळे दाब दाखवणारा उभा पंप सायकलीबरोबरच घ्यावा. अरुंद टायरची हवा आपोआप उतरते, म्हणून ती दर आठवड्याला तपासावी.

ब्रेक रिमला घासणारे असतात किंवा डिस्कचे. पावसात जांभ्याची लाल माती रिमवर चिकटते, ब्रेकच्या रबरात शिरते आणि रिम कानशीसारखी घासते. ओल्या उतारावर रिम ब्रेक उशिराही लागतो. त्यामुळे येथे डिस्क ब्रेक सरस ठरतात. त्यातही तारेचे डिस्क ब्रेक घरी सारखे करता येतात, तेलाच्या ब्रेकला जाणता मेकॅनिक आणि योग्य तेल लागते.

खरेदी करताना

सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल घेताना हा दर पाहावा. ठरवलेल्या रकमेतून हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, दोन ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, ॲलन पान्यांचा संच आणि गादीची शॉर्ट यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. उरतील त्यात सायकल बसवावी.

हवे ते मॉडेल पाहण्यासाठी अनेकांना कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. डावे पायडल उलट्या आट्याचे असते, ते जोराने सुलट फिरवले तर आटे कायमचे जातात. स्टेमचे बोल्ट किती आवळायचे ते बहुधा त्या भागावरच छापलेले असते. त्याहून जास्त आवळू नयेत.

आणखी एक छोटी वस्तू जवळ ठेवावी : मागचा डिरेलर ज्यावर लटकतो तो ॲल्युमिनियमचा हुक. सायकल आडवी पडली की फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम वाकेल असा केलेला असतो. प्रत्येक फ्रेमचा हुक वेगळा असतो आणि जवळच्या दुकानात तो मिळेलच असे नाही. एवढ्याशा तुकड्यावाचून सायकल कित्येक दिवस उभी राहू शकते.

जुनी सायकल घेताना फ्रेमच्या सांध्यांशी तडा आहे का ते पाहावे. सीटची दांडी हलवून बघावी, समुद्रकाठच्या सायकलीत ती गंजून आतच घट्ट बसलेली असू शकते. फ्रेमचा क्रमांक बिलाशी जुळतो का, हेही तपासावे.

पहिले सहा आठवडे

पहिल्या दिवशीच गणपतीपुळे गाठण्याचा उत्साह आवरावा. पहिले दोन आठवडे दिवसाआड १० ते १५ किलोमीटर पुरेत. मान, तळवे आणि बैठक दुखणे सुरुवातीला साहजिक आहे, पण दुखण्याची जागा बरेच सांगून जाते. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळव्यातली नस दाबली जात आहे. अशा वेळी कोपर सैल ठेवावेत, हातांची जागा बदलत राहावी आणि हँडल दूर वाटत असेल तर स्टेम लहान करावा. दुखणे विश्रांतीनंतरही राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

फार मऊ सीट लांबच्या फेरीत जास्त त्रास देते. मध्यम कडक सीट आणि गादीची शॉर्ट ही जोडी चांगली. ही शॉर्ट आतल्या कपड्याशिवाय घालायची असते. बूट पायडलमध्ये अडकवण्याची पद्धत पहिल्या महिन्यात टाळावी.

गिअर चढ लागण्याआधी बदलावा. पायावर पूर्ण जोर असताना बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरते. उतारावर हात हँडलच्या खालच्या भागात ठेवावेत, ब्रेक वळणाच्या आधी लावावा आणि वळणात सोडावा. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे नव्या सायकलीवर आधी पाहून घ्यावे. थांबवण्याचे बहुतेक काम तोच करतो आणि एकदम दाबला तर माणूस पुढे फेकला जाऊ शकतो.

कोणता रस्ता कधी?

पहिल्या फेऱ्यांसाठी भाट्ये पूल आणि किनाऱ्यालगतचा रस्ता बरा, कारण तेथे चढ नाही. पुलावर आडवा वारा लागतो, तेव्हा हँडल घट्ट आवळू नये. भाट्यानंतर चढून गोळपचा सडा आणि खाली पावस, ही पुढची पायरी. येताना तोच चढ उलट बाजूने चढायचा असतो, म्हणून जाताना सगळा दम संपवू नये.

शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे करत गणपतीपुळ्याला जाणारा सागरी रस्ता सुमारे २५ किलोमीटरचा आहे. आरे-वारेचा चढ उभा आणि वळणांचा आहे, शिवाय सुटीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची गर्दी असते. सकाळी लवकर निघावे. मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहने वेगाने धावतात, तेथे नवख्याने न गेलेलेच बरे. कोल्हापूर रस्त्यावरचा साखरप्यापुढचा आंबा घाट काही महिन्यांच्या सरावानंतर करावा.

दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, लांबच्या फेरीत त्यात चिमूटभर मीठ आणि साखर घालावी.

खारा वारा आणि पाऊस

किनाऱ्यावरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी. जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नये, त्यातले ग्रीस निघून जाते. मग कोरडी पुसून चेनला तेलाचा एकेक थेंब द्यावा आणि वरचे तेल फडक्याने टिपावे, नाहीतर त्यावर धूळ बसते. सीटची दांडी दोन-तीन महिन्यांनी काढून पुसावी. धातूच्या फ्रेममध्ये ती ग्रीस लावून बसवावी, कार्बन असेल तर कार्बनसाठीची खास पेस्ट वापरावी. कार्बन फ्रेम गंजत नाही, पण तिचे बोल्ट गंजतात.

जून ते सप्टेंबर या काळात रस्त्याकडेला शेवाळ धरते आणि पाण्याबरोबर माती वाहून येते. रंगवलेले पांढरे पट्टे आणि शेवाळ यांवर अरुंद टायर साबणासारखा घसरतो. पावसात चालवायचीच असेल तर हवा पाच-दहा पीएसआय कमी ठेवावी, दिवसाही दिवा लावावा आणि साचलेल्या पाण्यातून जाऊ नये, कारण खाली खड्डा किती खोल हे दिसत नाही.

लांब पल्ल्याची ओढ लागली तर पुढे ‘ब्रेव्हे’ हा प्रकार आहे. ती शर्यत नसते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात, थांबण्याचा वेळ धरून. म्हणजे ताशी सरासरी १५ किलोमीटरपेक्षाही कमी वेग पुरतो. मापाला बरोबर बसणारी आणि चढ झेपणारी साधी सायकल त्यासाठीही चालते.