वर्तुळांचे समरूपत्व

इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागले असता सूक्ष्म परिघ येतो. व्यवहारात २२ ने गुणून ७ ने भागले तरी चालते, असे तीत सांगितले आहे. परंतु एकच नियम लहानमोठ्या सर्व वर्तुळांना लागू पडावा, तो कशाच्या बळावर? सर्व वर्तुळे समरूप असतात, या सत्याच्या बळावर. ते पटवून देण्याची सुगम वाट रूपांतरणांची होय. १८७२ मध्ये जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी भूमितीकडे याच दृष्टीने पाहिले : रूपांतरणानंतरही जे अबाधित राहते, त्याचा शोध म्हणजे भूमिती.

भिलाईच्या सेक्टर ६ मधील एखाद्या वर्गात, फळ्यावर एक वीत व दोन वीत त्रिज्येची वर्तुळे काढावीत. धाकटे सरकवून दोहोंचे केंद्र एक करावे. मग केंद्रापासून त्याच्या प्रत्येक बिंदूचे अंतर दुप्पट करावे. ते थोरल्यावर तंतोतंत बसते. व्यास दुप्पट, परिघही दुप्पट. गुणोत्तर मात्र अढळ. १९५९ मध्ये तेथील पोलाद कारखान्यात पेटलेल्या पहिल्या झोतभट्टीच्या घेरालाही आठ शतकांपूर्वीचा तोच नियम लागू पडतो.