ऑइल सोडायच्या बोल्टाऐवजी कॉक बसवायचा? आधी चेंबरखालची जागा बघा

छत्रपती संभाजीनगर : इंजिन ऑइल बदलायचे म्हटले की गाडीखाली झोपायचे, चेंबरचा बोल्ट सोडायचा, गरम काळे ऑइल कोपरापर्यंत अंगावर घ्यायचे आणि पुन्हा बोल्ट आवळायचा, हे काम गाडीवाल्यांना पाठ आहे. आता मोबाइलवरच्या व्हिडिओंत या बोल्टाच्या जागी एक छोटा पितळी कॉक दिसू लागला आहे. दांडी फिरवली की ऑइल सुरू, उलटी फिरवली की बंद. पाना लागत नाही, हात भरत नाहीत. याला क्विक ड्रेन व्हॉल्व्ह म्हणतात.

वस्तू कामाची आहे. पण डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला जे जमते ते पैठण, वैजापूर, कन्नड, सोयगावच्या शेतरस्त्यावर जमेलच असे नाही. बोल्टाचे डोके चेंबरला चिकटून असते, कॉक मात्र खाली लोंबतो. त्यामुळे किंमत विचारायच्या आधी गाडीखाली वाकून जागा बघावी, मगच निर्णय घ्यावा.

कॉक म्हणजे नेमके काय

इंजिनच्या तळाला ऑइल साठवणारे भांडे असते, त्याला मेकॅनिक चेंबर म्हणतात. त्याच्या तळाशी किंवा बाजूला ड्रेन बोल्ट असतो. तो काढून त्याच आट्यांत कॉक फिरवून बसवतात आणि तो कायमचा तिथेच राहतो. पुढच्या वेळी बोल्ट काढायचा नाही, फक्त कॉक उघडायचा.

यात दोन प्रकार जास्त दिसतात. जपानच्या फुमोटो कंपनीचा कॉक दांडीचा आहे. आत भोक असलेली गोळी असते, दांडी खाचेतून उचलून पाव फेरा फिरवली की भोक सरळ होते आणि ऑइल येते. जर्मनीच्या स्टालबस कंपनीचा प्रकार वेगळा. त्यावर झाकण असते. झाकण काढून पाइप जोडलेले टोक वर फिरवले की आतली स्प्रिंगची झडप दाबली जाते आणि ऑइल पाइपातून खाली उतरते. याला दांडी नसल्याने काही अडकण्याची भीती कमी.

छोट्या विमानांच्या इंजिनांनाही असेच कॉक असतात, कारण त्यांचे ऑइल ठरावीक तासांनी वारंवार बदलावे लागते. जिथे बदली वारंवार, तिथे कॉकचा फायदा. हा हिशेब आपल्या गाडीलाही लागू होतो.

फायदा कोणाला

घरची कार वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालत असेल तर ऑइल वर्षातून एकदा बदलते. त्यासाठी कॉक बसवून फारसे काही वाचत नाही. एका वायसरचे पैसे आणि अर्धा तास, बस.

रोज १०० किलोमीटर चालणाऱ्या पिकअपचे गणित वेगळे. वर्षाला ३६,५०० किलोमीटर होतात. दर १०,००० किलोमीटरला बदली धरली तर वर्षाला तीन-चार वेळा, आणि धुळीच्या रस्त्यामुळे दर ५,००० ला करायची असेल तर सात वेळा बोल्ट उघडावा लागतो. (बदलीचा खरा आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात बघावा. धूळ, जड ओझे आणि घाट असेल तर बहुतेक कंपन्या लवकर बदलायला सांगतात.) दर वेळी पाना लावून बोल्ट उघडला-आवळला की आटे थोडे थोडे झिजतात. पुष्कळ गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादाचा. आवळताना जोर जास्त झाला की आटे नरम धातूचेच जातात, म्हणजे चेंबरचे. कॉक एकदा बसला की आट्यांना पुन्हा हात लागत नाही. कॉकचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

सगळ्यात सोयीचा कॉक एका जागी उभ्या असलेल्या इंजिनाला पडतो. डिझेल पंप, जनरेटर, थ्रेशरचे इंजिन यांना खालून दगड लागत नाही आणि बदलीही तासांच्या हिशेबाने होते. कॉकला पाइप लावला की ऑइल थेट डब्यात उतरते.

धोका कुठे आहे

कॉक बोल्टाच्या डोक्यापेक्षा साधारण दोन-तीन सेंटिमीटर जास्त खाली येतो. मॉडेलप्रमाणे कमी-जास्त होते, पण खाली येतो हे नक्की. खडी उखडलेल्या रस्त्यावर, बांध ओलांडताना, नाल्यातून गाडी काढताना तेवढेच अंतर महत्त्वाचे ठरते. पोलादी बोल्टाच्या डोक्यावर दगड बसला तर ओरखडा पडतो. पितळी पोकळ कॉकवर बसला तर तो मोडू शकतो.

छोट्या कारमध्ये तीन-चार लिटर ऑइल असते. कॉक मोडला तर ते काही मिनिटांत रस्त्यावर. ऑइल संपले की बेअरिंग धरते आणि इंजिन जाम होते. डॅशबोर्डवर झारीच्या चिन्हाचा लाल दिवा लागतो तो ऑइलचे प्रेशर पडल्याचा इशारा असतो. तो लागला की गाडी त्याच जागी बंद करावी. "पुढच्या फाट्यापर्यंत नेऊ, तिथे मेकॅनिक आहे," असे म्हणून चालवलेली गाडी इंजिन बांधायच्या खर्चात टाकते, आणि तो खर्च हंगामाचा नफा खाऊन जातो.

ट्रॅक्टरची उंची जास्त, म्हणून तिथे धोका नाही असे वाटते. पण कापूस आणि तूर काढलेल्या रानात पऱ्हाटीचे आणि तुरीचे खुंट उभे असतात. दांडीचा कॉक उघड्यावर असेल तर खुंटाने दांडी उचलली जाऊन फिरू शकते. रानात चालणाऱ्या यंत्राला दांडीचा कॉक बसवायचाच असेल तर क्लिपने दांडी पक्की केल्याशिवाय रानात घालू नये.

जागा कशी बघायची

गाडी सपाट जागेवर उभी करावी, नेहमीचे ओझे भरलेले असावे. मोकळ्या गाडीचे माप फसवते. चेंबरच्या पुढे आडवा लोखंडी क्रॉस मेंबर किंवा इंजिन गार्ड असतो. त्याच्या तळाला एक सरळ काठी लावून ती मागे बोल्टाखालून आडवी, सपाट धरावी. कॉकचे खालचे टोक काठीच्या वर राहत असेल तर दगडाचा मार आधी लोखंडावर बसेल. टोक काठीच्या खाली जात असेल तर कॉक बसवू नये.

बोल्ट चेंबरच्या बाजूला किंवा मागच्या अंगाला आडवा असेल तर कॉक बराच सुरक्षित राहतो. पुढच्या अंगाला तोंड असेल तर धोका जास्त. दांडी फिरायला जागा आहे का, सायलेन्सरचा पाइप जवळून जातो का, इंजिनखालचे कव्हर पुन्हा बसेल का, हेही तेव्हाच बघावे.

माप चुकले तर चेंबर गेले

कॉक घेताना दोन मापे लागतात. बोल्टाची जाडी आणि आट्यांमधले अंतर, म्हणजे पीच. अनेक छोट्या गाड्यांना १४ मिलिमीटर जाडी आणि १.५ पीच असतो. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांना १२ मिलिमीटर आणि १.२५ पीच असतो. १२ चाच पण १.५ पीचचा कॉक १.२५ च्या भोकात जोराने फिरवला तर एक-दोन फेरे जातो आणि चेंबरचे आटे कापून टाकतो.

म्हणून अंदाजाने घेऊ नये. पुस्तकात माप नसेल तर ऑइल बदलीच्या वेळी बोल्ट काढून लेथवाल्याकडून पीच गेजने मोजून घ्यावा. आपल्या जिल्ह्यात त्याची अडचण नाही. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून सुरू आहे, एन्ड्युरन्ससारखी ॲल्युमिनियमचे भाग ओतणारी कंपनीही वाळूजचीच, आणि या उद्योगाच्या आधाराने वाळूज-चिकलठाणा भागात लेथची कामे करणारे कारागीर तयार झाले आहेत. माप घ्यायला पाच मिनिटे लागतात.

बसवायची पद्धत

१. इंजिन पाच-सात मिनिटे चालवून बंद करावे. ऑइल कोमट झाले की नीट उतरते. फार गरम असेल तर हात भाजतो.

२. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना लाकडी गुटके लावून उभी करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक घसरतो आणि माणूस दबतो. पक्के स्टँड नसतील तर हे काम गॅरेजच्या रॅम्पवरच करावे.

३. बोल्टाला रिंग पाना लावावा. उघड्या तोंडाच्या किंवा ॲडजस्टेबल पान्याने डोके गोल होते.

४. ऑइल पूर्ण उतरल्यावर भोकाची कड स्वच्छ फडक्याने पुसावी. जुना वायसर चेंबरला चिकटून राहिलेला असतो, तो काढावा. दोन वायसर एकावर एक बसले की गळती ठरलेली.

५. कॉक आधी बोटांनी फिरवावा. चार-पाच फेरे हाताने सहज जायला हवेत. अडकला तर पाना लावू नये, माप पुन्हा बघावे.

६. कॉकसोबत आलेला नवा वायसर घालून कॉकच्या कागदावर लिहिलेल्या जोरानेच आवळावे. पितळ पोलादाएवढा जोर सोसत नाही. पान्याला पाइप घालून ताण देऊ नये. टेफ्लॉन टेप, एम-सील असे काही लावू नये. टेपचा तुकडा आत गेला तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो.

७. दांडी खाचेत बसली का बघावे, क्लिप लावावी, मगच ऑइल भरावे. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ ऑइल असावे.

८. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे, खाली कोरडा पुठ्ठा टाकून दहा मिनिटांनी थेंब बघावा. ५० किलोमीटरनंतर पुन्हा बघावे. त्यानंतर दर आठवड्याला एक नजर.

कॉकने जे होत नाही

आटे गेलेल्या चेंबरला कॉक हा इलाज नाही. कॉकही त्याच आट्यांवर टिकतो. आटे गेले असतील तर लेथवाल्याकडून नवे आटे पाडून मोठ्या मापाचा बोल्ट बसवणे, आत तारेची नवी आटेपट्टी बसवणे, नाहीतर चेंबर बदलणे, हेच मार्ग आहेत.

कॉकचे भोक बोल्टाच्या भोकापेक्षा लहान असते, त्यामुळे ऑइल उतरायला जास्त वेळ लागतो. कॉकची आतली कड थोडी वर आली तर तळाला थोडे ऑइल राहते, आणि गाळ तळालाच बसतो. म्हणून दोन-तीन बदल्यांनंतर एकदा कॉक काढून चेंबर पूर्ण मोकळे करावे. काही बोल्टांच्या टोकाला चुंबक असतो, तो लोखंडाचा भुसा धरतो. कॉक बसवला की ही सोय जाते. आणि ऑइल फिल्टर बदलायला गाडीखाली जावे लागत असेल तर ते जावेच लागणार.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारून लेखी उत्तर घ्यावे. बाहेरच्या भागामुळे ऑइल गळून इंजिन गेले तर कंपनी दावा नाकारू शकते.

काढलेले ऑइल विहिरीपासून लांब

कॉकमुळे ऑइल पाइपाने सरळ कॅनमध्ये घेता येते. जमिनीवर सांडत नाही. हा फायदा मोठा आहे, कारण काळे ऑइल हा कायद्याने धोकादायक कचरा आहे. त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशेबाने एक गॅलन वापरलेले ऑइल दहा लाख गॅलन पाणी खराब करू शकते, म्हणजे एका लिटरला दहा लाख लिटर. २० फूट व्यासाच्या विहिरीत १५ फूट पाणी असेल तर ते सव्वा लाख लिटरच्या थोडे वर भरते. एका बदलीचे चार लिटर ऑइल किती विहिरींना पुरेल, हिशेब ज्याने त्याने करावा.

म्हणून हे ऑइल नालीत, उकिरड्यावर किंवा बांधाला ओतू नये. जनावरांच्या जखमेला लावू नये, चुलीत जाळू नये. झाकणाच्या कॅनमध्ये, पाणी किंवा डिझेल न मिसळता साठवावे आणि नोंदणी असलेल्या वापरलेल्या ऑइलच्या खरेदीदाराकडे जाईल अशा गॅरेजला द्यावे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी केंद्राच्या नियमाने ऑइल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे.

थोडक्यात

एका जागेवरचे इंजिन असेल तर कॉक जरूर बसवावा. रोज धावणारी पिकअप असेल आणि काठीच्या मापात कॉक वर राहत असेल तर बसवायला हरकत नाही. वर्षातून एकदा ऑइल बदलणारी घरची कार, किंवा बोल्ट उघड्यावर खाली असलेली, नाल्या-बांधातून जाणारी गाडी असेल तर जुना बोल्टच बरा. फक्त दर बदलीला नवा वायसर घालावा आणि आवळताना हात आवरावा.