तगर: ग्रीक ग्रंथातले शहर, तेरणाकाठचे गाव

१/ ग्रीक-रोमन जगाच्या खुणा पाहण्यासाठी अथेन्स किंवा रोमच गाठावे लागते असे नाही. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी तेर हे गाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक ग्रंथाने त्याची नोंद ‘तगर’ या नावाने केली. मित्रांसह तेथे एक दिवस घालवला, तर भूतकाळाविषयी नेमके काय कळते, याविषयी हा धागा.

२/ तो ग्रंथ म्हणजे ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील, ग्रीक भाषेत लिहिलेले हे व्यापाऱ्यांसाठीचे मार्गदर्शक. लेखकाचे नाव अज्ञात आहे. त्यात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा येतात: पैठण आणि तगर. पैठणहून मौल्यवान दगड, तर तगरहून जाडेभरडे सुती कापड, तलम मलमल आणि इतर माल बिकट वाटांनी गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई.

३/ ग्रंथातील अंतरे ताडून पाहण्यासारखी आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांवर, तेथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर. नकाशावर सरळ रेषेत भडोच-पैठण सुमारे ३५० किमी, तर पैठण-तेर सुमारे १५० किमी भरते. म्हणजे दिवसाला १५ ते १७ किमी. लादलेल्या बैलगाडीची चाल साधारण तेवढीच. दिशा मात्र निव्वळ पूर्व नसून आग्नेय आहे.

४/ तगरचे नाव टॉलेमीच्या ‘भूगोला’तही आहे. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ असे बिरुद अभिमानाने मिरवत राहिले, पण ते नगर कोठे होते याचा विसर पडला. अभ्यासकांनी कधी देवगिरी, कधी जुन्नर असे तर्क केले. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी येथील अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले.

५/ दिवसाची सुरुवात त्रिविक्रम मंदिरापासून करावी. विटांची ही वास्तू मागच्या बाजूने अर्धवर्तुळाकार, गजपृष्ठाकार आहे. हा आकार बौद्ध चैत्यगृहाचा. म्हणून ती मुळात चैत्य असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. आज आत विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची पूजा होते. गावातच संत गोरोबाकाकांची समाधी आहे. ज्या गावाचा प्राचीन इतिहास मुख्यतः मातीच्या वस्तूंनी सांगितला, त्याचे संतही कुंभारच!

६/ मग वस्तुसंग्रहालय. त्याला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. तेरच्याच या रहिवाशाने शेतांत, टेकाडांवर सापडणारे मणी, मूर्ती, खापरे वर्षानुवर्षे जमवली. तो संग्रह आज शासनाच्या देखरेखीखाली आहे.

७/ येथे केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती निरखून पाहा. दोन साच्यांत दोन अर्धे भाग काढून ते जोडायचे, आतून पोकळ ठेवायचे, हे तंत्र रोमन संपर्कातून आले असे मानले जाते. दागिने आणि केशभूषा मात्र इथलीच. तेरला रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकेही मिळाली आहेत. परदेशी सम्राटाचा मुखवटा येथे अलंकार झाला!

८/ आणि ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेर आणि भोकरदन येथील हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे.

९/ मग तेर ही ‘रोमन वसाहत’ होती का? एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. वस्तू प्रवास करतात, तंत्रे प्रवास करतात. त्यासाठी परक्यांची वस्ती असावीच लागत नाही. कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांचे लेख आहेत, तसा पुरावा हवा. येथील वस्तू सांगतात ते वेगळेच: बाहेरचे तंत्र उचलून आपल्या मातीत, आपल्या आवडीने वापरणारे कारागीर येथे होते. वसाहतीपेक्षा हा वारसा अधिक मोलाचा.

१०/ ज्या कापडासाठी तगर प्रसिद्ध होते, ते कुजून गेले. उरली खापरे आणि मणी. त्यांचाही अर्थ ती कोणत्या थरात सापडली यावर ठरतो. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला ‘पांढरी’ म्हणतात आणि तिची माती माळवदासाठी नेण्याची रीत आहे. माती हलली की थर मोडतो. लामतुरे यांनी वस्तू वाचवल्या; थर वाचवणे आता आपल्या हाती आहे. तेरला जाल तेव्हा खापर दिसले तर छायाचित्र घ्या, जागा टिपून संग्रहालयात कळवा. खिशात मात्र घालू नका. खिशातले खापर ही केवळ आठवण असते. जागेवरचे खापर हा पुरावा असतो.