ज्याचा त्याचा व्यायाम

आमच्या कॉलेजांत २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाला अनुसरून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीं शारीरिक सुदृढतेचा जो नवा अभ्यासक्रम सुरू झाला, त्याची एक पत्रिका आमच्या टेबलावर पडली आहे. तींत उंची, वजन, छातीचा घेर, विसाव्याच्या वेळची नाडी, एका दमांत किती जोर निघतात, वांकून पायाच्या बोटांस हात पोंचतो कीं नाहीं, रात्रीं किती तास झोंप लागते, असे रकाने असून अखेरीस ‘सांगितलेला व्यायाम’ असा एक मोठा कोरा रकाना आहे. शंभर विद्यार्थी असले तर शंभर पत्रिका, आणि शेवटचा रकाना प्रत्येकींत निराळा भरावयाचा. आमचे एक सहकारी ही पत्रिका पाहून हंसले व म्हणाले, “अहो, हें अमेरिकन खूळ आहे. आमच्या वेळीं शिट्टी वाजली कीं सगळे एकदम हात वर करीत!” सहकारी वयानें वडील, म्हणून आम्ही त्या वेळीं गप्प बसलों. परंतु इतिहास हा आमचा विषय असल्यामुळें, हें खूळ अमेरिकन आहे काय, आणि ती शिट्टी तरी आपली आहे काय, हे दोन प्रश्न कांहीं केल्या मनांतून जाईनात.

पहिल्या प्रश्नासाठीं आम्ही सुश्रुतसंहिता उघडली. चिकित्सास्थानांत दिनचर्येच्या ओघांत व्यायामाचें विवेचन आलें आहे. जोर किती काढावे, किती कोस धांवावें, याचा एकही आंकडा तेथें नाहीं. वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार या सहा गोष्टी पाहून व्यायाम करावा, एरवीं रोग जडतो, असें सांगून ग्रंथकार पुढें म्हणतो कीं, ज्यानें त्यानें आपल्या शक्तीच्या अर्ध्यापर्यंतच जावें. अर्धी शक्ति संपली हें ओळखावें कशावरून? तर श्वास तोंडावाटें येऊं लागला म्हणजे अर्धी संपली. वाग्भटानें यांत ऋतूची भर घातली आहे. स्निग्ध अन्न खाणाऱ्या बलवंतांनीं थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनहि कमी. ज्यांनीं मराठवाड्याचा वैशाख पाहिला आहे त्यांस या नियमाचें मर्म निराळें सांगावयास नको.

या ‘अर्धशक्ती’चा अर्थ आम्हांस ग्रंथांत कळला त्यापेक्षां देवगिरीवर अधिक कळला. दर वर्षीं आम्ही विद्यार्थ्यांस घेऊन तो किल्ला चढतों. कोणाचा श्वास चांदमिनाराच्या पुढें थोडें जातांच तोंडाशीं येतो, कोणाचा खंदकावरील पूल ओलांडून अंधारींत शिरतांना, आणि दोनचार पोरें अशीं कीं बारादरीपर्यंत बोलत बोलत चढतात व वर तोफेपाशीं आमची वाट पाहत बसतात. किल्ला एकच, पायऱ्याहि त्याच. अर्धी वाट मात्र प्रत्येकाची निराळ्या जागीं. चालतां चालतां बोलतां येतें तोंवर श्रम माफक समजावे, असें आजचे डॉक्टरहि सांगतात. हें साम्य पाहून आमच्या पूर्वजांस सर्वच ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह आम्हांस होत नाहीं; कारण ठाऊक होतें तें पुढच्या पिढ्यांनीं किती पाळलें, हा प्रश्न उरतोच.

कांहीं अंशीं तालमींनीं तें पाळलें. दुसऱ्या बाजीरावाच्या काळच्या बाळंभटदादा देवधरांची कथा पुष्कळांस माहीत असेल. निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब असे दोन मल्ल पुण्यास आले व त्यांनीं आव्हान दिलें; तें या तरुण ब्राह्मणानें स्वीकारलें; आणि सप्तशृंगीवर जाऊन मल्लखांबाची विद्या साधून त्यानें अलीस चीत केलें, असें सांगतात. यांतील दैवी भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उरते. धिप्पाड प्रतिस्पर्ध्याशीं वजनानें झुंजणें या तरुणास शक्य नव्हतें, म्हणून त्यानें आपल्या हलक्या व चपळ शरीरास मानवेल तो व्यायाम शोधला. चांगला वस्ताद हेंच करी. नव्या पोराकडे एकवार नजर टाकून याला बैठका, त्याला मुद्गल, तिसऱ्याला आधीं महिनाभर नुसतें दूध व माती उकरणें, असें तो ठरवी. पत्रिका होती, पण ती वस्तादाच्या डोक्यांत होती. आणि त्याच्याबरोबर चितेवर जाई. बडोद्यास द. चिं. मुजुमदारांनीं ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले, तेव्हां या विद्येचा पुष्कळसा भाग कागदावर आला. त्या माणसाचे उपकार मराठी वाचक विसरला आहे, याचें आम्हांस वाईट वाटतें.

परंतु कॉलेजच्या इतिहासांत ज्याचा त्याचा व्यायाम म्हणजे काय याचें आमच्या माहितींतील सर्वांत ठळक उदाहरण १८७३ सालचें आहे. त्या वर्षाच्या आरंभीं सोळा वर्षांचे बाळ गंगाधर टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. वडील आदल्याच वर्षीं वारलेले, लग्न झालेलें, आणि प्रकृति अशी कृश कीं बरोबरीच्या मुलांनीं थट्टा करावी. कॉलेज येरवड्याच्या बाजूस, नदीच्या जवळ. विद्यार्थी तेथेंच राहत. टिळकांनीं आपल्या शरीराकडे एखाद्या गणितासारखें पाहिलें आणि पहिलें संबंध वर्ष त्या एका गणिताला द्यावयाचें ठरवलें. सकाळीं तालीम व कुस्ती, मग नदींत पोहणें. जेवण पचेल तितकें वाढवीत नेणें. अभ्यास उरल्या वेळांत. वर्षाखेर परीक्षेंत ते नापास झाले. याचा त्यांनीं पुढें कधीं पश्चात्ताप केल्याचें कोणी नमूद केलेलें नाहीं. नंतर ते गणित घेऊन पहिल्या वर्गांत बी. ए. झाले आणि १८७९ सालीं एल्‌एल्. बी. झाले. १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगांत मधुमेहासारखें दुखणें अंगावर वागवीत त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहून काढलें. त्या सहा वर्षांचें भांडवल येरवड्याच्या नदीकांठीं गोळा झालें होतें, असें त्यांचे चरित्रकार मानतात व तें आम्हांस पटतें.

ही हकीकत शाळेच्या पुस्तकांतून निश्चयाचें उदाहरण म्हणून सांगतात. आम्हांस तींतली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. त्यांस कोणी व्यायाम सांगितला नव्हता. मापें त्यांनींच घेतलीं, शेवटचा रकानाहि त्यांनींच भरला, आणि किंमतहि, एक पूर्ण वर्ष, त्यांनींच मोजली. आजच्या एखाद्या मुलानें “मी यंदा शरीर कमावतों, परीक्षा पुढच्या वर्षीं पाहूं” असें म्हटलें तर घरीं काय होईल याची कल्पना प्रत्येक पालकानें आपापल्या मनाशीं करावी. आम्हीहि पालक आहों. आम्ही ती केली आहे, आणि उत्तर आम्हांस भूषणावह नाहीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. सहकाऱ्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. ॲम्हर्स्ट कॉलेजांत एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरनें १८६१ पासून विद्यार्थ्यांचीं मापें घेण्यास आरंभ केला व तें काम पुढें कित्येक वर्षें चालवलें. १८७९ सालीं हार्वर्ड येथें डड्ली सार्जंट याची नेमणूक झाली. त्यानें प्रत्येक विद्यार्थ्यास तपासून, त्याची शक्ति अजमावून, ज्याच्या त्याच्या उणिवेप्रमाणें लेखी व्यायाम देण्याची पद्धत घातली. आणि दुबळ्यांतल्या दुबळ्यालाहि ओढतां यावीं अशीं, वजन कमीजास्त करतां येणारीं कप्पीचीं यंत्रें योजलीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरनें जखमी शिपायांच्या पायांत बळ आणण्यासाठीं, प्रत्येकाला जें वजन जेमतेम दहा वेळां उचलतां येतें तेंच त्याचें माप धरलें. तेव्हां आमच्या टेबलावरील पत्रिकेचा कागद अमेरिकन आहे हें आम्ही कबूल करतों. मजकूर जुना आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

आणि शिट्टी? ती यूरोपांतून आली. स्टॉकहोम येथें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं व्यायामशिक्षणाची संस्था काढली, तिच्यापासून निघालेली हुकुमी कवायत सैन्यांतून शाळांत शिरली व इंग्रजांबरोबर हिंदुस्थानांत उतरली. येथें ती शिकवावयास पेन्शनीत गेलेला हवालदार मिळे आणि पन्नास मुलांस एक माणूस पुरे. पुढें आपल्याच लोकांनीं तिला आपलें रूप दिलें. बडोद्याच्या प्रो. माणिकरावांनीं सांघिक कवायतीचे हुकूम देशी भाषेंत घडवले; औंधच्या राजेसाहेबांनीं सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळांतून सक्तीचे केले; १९१४ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपले खेळ दाखवून आलें. या मंडळींस नांवें ठेवण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. परकी सत्तेखालीं हजार हात एका वेळीं वर जाणें हें नुसता व्यायाम नव्हतें. लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांनीं तर दोन्ही वाटा चोखाळल्या: १९२४ सालीं काढलेल्या कैवल्यधामांत एकेका रोग्यास पाहून योगोपचार, आणि शाळांसाठीं ‘यौगिक संघ व्यायाम’. दोहोंची जागा निराळी आहे हें त्यांस उमगलें होतें. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ सालीं, राष्ट्रीय छात्रसेनेचें शिक्षण कॉलेजांतून सक्तीचें झालें व १९६८ सालीं ती सक्ति उठली. त्या कवायतीचा हेतूहि एकेकट्याची प्रकृति सुधारणें हा नव्हता, आणि तसें सोंगहि कोणी आणलें नव्हतें.

घोटाळा झाला तो कवायतीलाच प्रकृतिसंवर्धन समजल्यामुळें. सर्वांना एकच माप लावलें म्हणजे त्यांत न बसणाऱ्यांची सोय करावी लागते, आणि ती सोय म्हणजे ‘सूट’. आम्ही १९८५ च्या सुमारास ज्या कॉलेजांत शिकत होतों तेथें सकाळीं साडेसहाला कवायत असे. आमची छाती अरुंद, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि थोडें धांवलें कीं धाप लागे. दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला आणला. शिक्षकांनीं तो पाहून सही केली, आणि तीन वर्षें आम्ही त्या वेळीं वाचनालयांत बसलों. आमच्याबरोबर आणखी आठदहा जण असत: एक दम्याचा, एक अतिस्थूल, एक पायानें अधू; आणि मुलींची तर स्वतंत्र रांगच असे, कारण मैदानाच्या कठड्यावर बसून हंसणारीं टोळकीं त्यांस नको होतीं. ज्यांस व्यायामाची सर्वांत अधिक गरज, तेवढेच नेमके व्यायामांतून सुटलेले! त्या वेळीं आम्हांस हा आपला विजय वाटला. त्याची बाकी पन्नाशी उलटल्यावर गुडघ्यांनीं व रक्तदाबानें वसूल केली. १८७३ सालीं डेक्कन कॉलेजांत दाखल्याची ही सोय असती तर टिळकांना ती पहिल्या दिवशीं मिळाली असती.

आमच्या या शहरास, २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर झालेल्या औरंगाबादेस, या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. येथें पहिलें कॉलेज १९२३ सालीं निजामी अमलांत उस्मानिया विद्यापीठाखालीं निघालें. तेथवर पोंचणारी मुलें थोडीं, व बहुतेक खात्यापित्या घरचीं. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें कॉलेज काढलें, जें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवारूपास आलें, आणि १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ झालें. तेव्हांपासून वर्गांत जे विद्यार्थी येऊन बसले त्यांतील पुष्कळांचें शरीर लहानपणापासून राबलेलें होतें. ज्यानें सुट्टीभर विहिरीवर दगड फोडले त्याला पुन्हां जोर काढावयास सांगणें हें शिक्षण नव्हे. त्याच्या पाठीला ताण देऊन मोकळी करणें, आणि त्याच्या ताटांत काय पडतें याची चौकशी करणें, हें त्याला हवें होतें. सुश्रुताच्या सहा गोष्टींत आहार उगाच आलेला नाहीं. कवायतीच्या हजेरीपटांत त्यासाठीं रकानाच नसतो.

म्हणून ही पत्रिका आम्हांस मोलाची वाटते. तथापि तिच्याविषयीं आम्ही निःशंक नाहीं. परवां व्यायामशिक्षकांच्या खोलींत गेलों असतां भरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा चाळला. मापें बहुतेक बिनचूक होतीं. शेवटच्या रकान्यांत मात्र पहिल्या वीसपंचवीस पत्रिकांनंतर एकच ओळ उतरत गेली होती: “सूर्यनमस्कार १२, धांवणें २ फेऱ्या.” त्यांत शिक्षकांचा दोष काढण्यास आमचें मन धजलें नाहीं. माणूस एकटा, विद्यार्थी दोनशेंच्या वर, विषयास श्रेयांक दोन. पन्नासांस एक हवालदार पुरतो हा जुना हिशेब अजून कोणी बदललेला नाहीं. शिक्षक ओशाळून म्हणाले, “सर, पहिल्या पंचवीस मी मनापासून केल्या आहेत.” आणि त्यांनीं गठ्ठ्याच्या तळची एक पत्रिका काढून दाखवली. मुलगा वाळूजच्या कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळीं थेट कॉलेजांत येणारा. नाडी जलद, झोंप चार तास. शेवटच्या रकान्यांत लिहिलें होतें: “पहिले दोन आठवडे व्यायाम नाहीं. या तासाला खोलींत चटईवर झोंपावें. नंतर पुन्हां नाडी पाहूं.”

उरलेल्या पत्रिकांपैकीं चाळीस आम्ही घरीं आणल्या आहेत. मुलांना एकेक करून बोलावून विचारावयाचें, व शिक्षकांच्या सल्ल्यानें शेवटचा रकाना नव्यानें लिहावयाचा, असें ठरलें आहे. एकेचाळिसावी कोरी मागून घेतली आहे, ती आमची.