दिवे गेले, तरी फोन का चाले?

१/ १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. शेअर बाजाराचे व्यवहार मात्र चालू राहिले. या तयारीचे मूळ कोठे?

२/ जुन्या दूरध्वनी केंद्रांत. तेथे २ व्होल्टचे २४ घट जोडून ४८ व्होल्टचा संच उभारत. फोनला वीज तारेतून तेथूनच मिळे. म्हणून करकंबसारख्या गावी दिवे गेले, तरी रात्री पंढरपूरच्या डॉक्टरांना बोलावता येई.

३/ एक संच निकामी झाला तर? म्हणून दुसरा समांतर. सर्व्हर-कक्षातही तेच सूत्र: दोन स्वतंत्र यूपीएस, दोन वाटा. डिझेल जनित्र सुरू होईपर्यंतची मिनिटे बॅटरी पेलते.

४/ दोन्ही संच एकाच वाटेवर जोडले, तर मात्र दुसरा असून नसल्यासारखाच.