तोबा! काब बिन मालिक यांच्या ५० रात्री

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग एका शब्दापासून सुरू करू. संध्याकाळी सहाच्या लोकलला काय असते? तोबा गर्दी. कुणाचं काही अति झालं की आजी काय म्हणते? तोबा रे तोबा! हा शब्द आपल्या इतका तोंडात बसलाय की तो आला कुठून, हे आपण कधी विचारतच नाही.

तो आलाय अरबीतल्या ‘तौबा’वरून, फारसीच्या वाटेने. आणि त्याचा मूळ अर्थ आहे परत फिरणं. वाट चुकलेला माणूस मधेच थांबतो, वळतो आणि घराकडे चालू लागतो, ती तौबा. इस्लाममध्ये देवाकडे माफी मागण्यासाठी दोन शब्द सतत येतात. एक हा, आणि दुसरा ‘इस्तिगफार’, म्हणजे क्षमायाचना. नमाज संपली की माणूस जागेवर बसल्या बसल्या ‘अस्तगफिरुल्लाह’ म्हणतो, म्हणजे ‘मी अल्लाहकडे क्षमा मागतो’. त्याच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. माझी चूक झाकून घे, मला तिच्या परिणामांपासून वाचव, अशी ती विनवणी.

पण नुसतं तोंडाने म्हटलं की माफी मिळते का? या प्रश्नावर इस्लामच्या सुरुवातीच्या काळातली एक जबरदस्त गोष्ट आहे. ज्याच्यावर ती बेतली त्यानेच ती म्हातारपणी सांगितली, आणि सांगताना स्वतःला जराही सोडलं नाही. त्या माणसाचं नाव काब बिन मालिक.

काळ आहे इ.स. ६३०, म्हणजे हिजरी सन ९. जागा मदिना. काब मदिनेचेच, खजरज टोळीतले. कवी म्हणून नावाजलेले, शब्दांवर हुकूमत असलेले. पैगंबर मुहंमद मदिनेला येण्याआधीच मक्केजवळ अकबा इथे ज्या लोकांनी त्यांना साथ द्यायची शपथ घेतली होती, त्यांत काबही होते. म्हणजे कच्च्या निष्ठेचा माणूस नव्हे, हे आधी लक्षात घ्या.

त्या वर्षी पैगंबरांनी उत्तरेला तबुककडे मोहीम जाहीर केली. समोर रोमन, म्हणजे बायझंटाईन साम्राज्य. अंतर ६०० ते ७०० किलोमीटर, वाट वाळवंटाची. एरवी पैगंबर मोहिमेची दिशा आधी उघड करत नसत. या वेळी मात्र त्यांनी सरळ सांगून टाकलं, कारण लोकांना पुरेशी तयारी करता यावी. ऊन मी म्हणत होतं, मदिनेच्या बागांत फळं पिकत होती आणि झाडांखालची सावली सोडवत नव्हती.

आता काब काय सांगतात बघा. ते म्हणतात, तेव्हा माझी परिस्थिती कधी नव्हे इतकी चांगली होती. तब्येत ठणठणीत. आयुष्यात पहिल्यांदाच स्वारीचे दोन उंट दारात होते. म्हणजे न जाण्याला कारण असं काहीच नव्हतं. झालं काय, तर रोज सकाळी ते तयारी करायला म्हणून बाहेर पडायचे आणि संध्याकाळी काहीच न करता घरी यायचे. मनात एकच, ‘करू की, आपल्या हातात आहे.’ सैन्य निघून गेलं. तरी वाटलं, एक-दोन दिवसांत गाठू. तेही झालं नाही.

ओळखीचं वाटतंय ना? परीक्षेचा फॉर्म, बँकेचं काम, कुणाला तरी करायचा राहिलेला फोन. काबांची चूक बंडाची नव्हती, सूर्याजी पिसाळ छापाची तर मुळीच नव्हती. ‘उद्या करू’ची चूक होती ती. आणि म्हणूनच ती आपल्याला लागते.

मग मदिनेच्या रस्त्यांवरून फिरताना त्यांना एक गोष्ट टोचू लागली. मागे राहिलेल्यांत दिसायचे ते दोनच प्रकारचे लोक. एक, ज्यांच्या निष्ठेबद्दलच सगळ्यांना शंका होती. दुसरे, म्हातारे, आजारी, ज्यांना जाणं शक्यच नव्हतं. आपण नक्की कुणात बसतो?

सैन्य परत येतंय अशी बातमी आली तसे काब अस्वस्थ झाले. उत्तर काय द्यायचं? घरातल्या शहाण्यासुरत्या माणसांचा सल्ला घेतला. डोक्यात सबबी जुळवल्या. आणि पैगंबर अगदी जवळ आले तेव्हा त्यांना एकदम कळलं, की खोट्याने यातून सुटका नाही.

पैगंबर परत आले. प्रवासाहून आले की त्यांचा रिवाज असा, की आधी मशिदीत जाऊन दोन रकात नमाज पढायची आणि मग लोकांना भेटायचं. त्या दिवशी मागे राहिलेले ८० च्या वर लोक एकेक करून पुढे आले. प्रत्येकाकडे कारण, प्रत्येकाची शपथ. पैगंबरांनी सगळ्यांचं म्हणणं वरवर जसं होतं तसं मान्य केलं, त्यांच्यासाठी अल्लाहकडे क्षमाही मागितली. मनात काय आहे त्याचा निवाडा देवावर सोडला. पाच मिनिटांत विषय संपला.

मग काबांची पाळी आली. पैगंबर हसले, पण ते रागावलेल्या माणसाचं हसू होतं. का आला नाहीस, असं विचारलं. काबांच्या उत्तराचा आशय असा : मला बोलता येतं. दुसऱ्या कुणासमोर बसलो असतो तर सबब सांगून सहज सुटलो असतो. पण आज खोटं बोलून तुमची मर्जी सांभाळली तर उद्या अल्लाह सत्य समोर आणेल. खरं बोललो तर तुम्ही रागवाल, पण अल्लाहच्या माफीची आशा तरी उरेल. मला काहीही अडचण नव्हती.

बस्स. ‘पण’ नाही, ‘कारण’ नाही.

पैगंबर म्हणाले, की हा खरं बोलला, आता अल्लाहचा निर्णय येईपर्यंत थांब. बाहेर पडल्यावर काबांच्याच कुळातले लोक त्यांच्या मागे लागले. अरे वेड्या, एक सबब सांगितली असतीस तर पैगंबरांनी तुझ्यासाठीही क्षमा मागितली असती, काम झालं असतं! त्यांनी इतकं टोचलं की परत जाऊन शब्द फिरवावा, असं काबांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी विचारलं, माझ्यासारखं अजून कुणी बोललं का? हो, दोघं. मुरारा बिन रबी आणि हिलाल बिन उमय्या. दोघंही सज्जन म्हणून ओळखले जाणारे. तेव्हा काबांचे पाय माघारी वळले नाहीत.

यानंतर हुकूम आला, की या तिघांशी कुणी बोलायचं नाही.

आपल्याला कुणी मेसेज बघून उत्तर दिलं नाही, निळी खूण दिसून तासभर गेला, तरी जीव कासावीस होतो. इथे अख्खं गाव गप्प. मुरारा आणि हिलाल घरात बसून रडत राहिले. काब त्यांच्यात तरुण. ते बाहेर पडायचे, बाजारात हिंडायचे, आणि मशिदीत सगळ्यांबरोबर नमाजला उभे राहायचे. एक शब्द कुणी बोलत नसे. नमाज झाल्यावर पैगंबरांना सलाम करायचे आणि निरखून बघायचे, उत्तरादाखल त्यांचे ओठ हलले का? त्यांच्याजवळच नमाज पढायचे आणि चोरून नजर टाकायचे. काब नमाजमध्ये गढले की पैगंबर त्यांच्याकडे बघायचे. काबांनी वळून बघितलं की नजर दुसरीकडे.

एकदा अगदीच सहन झालं नाही. त्यांचा चुलतभाऊ अबू कतादा, जीव की प्राण. त्याच्या बागेची भिंत चढून काब आत गेले. सलाम केला. उत्तर नाही. माझं अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे हे तुला माहीत नाही का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी एवढंच ऐकू आलं, की ते अल्लाहला आणि त्याच्या प्रेषितालाच ठाऊक. काबांचे डोळे भरून आले. भिंत चढूनच परत आले.

अशात बाजारात सीरियाकडून धान्य विकायला आलेला एक व्यापारी त्यांचं नाव विचारत आला. त्याच्याकडे पत्र होतं गस्सानच्या राजाचं. हे गस्सानी म्हणजे बायझंटाईनांचे मांडलिक. मजकुराचा अर्थ असा, की तुमच्या माणसाने तुम्हाला वाईट वागवलं असं कळलं, इकडे या, आम्ही मान राखू. विचार करा, गावाने टाकलेला माणूस आणि हातात राजाचं आमंत्रण. काबांनी ओळखलं की ही दुसरी परीक्षा आहे. पत्र सरळ भट्टीत घातलं.

४० रात्री उलटल्या. आता निरोप आला, की बायकोपासूनही दूर राहा. तलाक नव्हे, फक्त दूर. काबांनी पत्नीला माहेरी पाठवलं. हिलाल अगदी म्हातारे, घरात दुसरं कुणी नाही. त्यांच्या पत्नीने जाऊन विचारलं, तेव्हा त्यांची सेवा करायला तिला परवानगी मिळाली.

पन्नासावी रात्र सरली. काब घराच्या छतावर पहाटेची नमाज पढून बसले होते. स्वतःचा जीवही नकोसा, एवढी मोठी जमीन अपुरी पडल्यासारखी. तेवढ्यात जवळच्या सला टेकडीवरून कुणीतरी जीव तोडून ओरडलं, की काब, आनंदाची बातमी! काब तिथेच सजद्यात गेले, कपाळ जमिनीला टेकलं. घोडेस्वारही निघाला होता, पण टेकडीवरची हाक घोड्याच्या आधी पोचली. ज्याचा आवाज आला तो माणूस समोर येताच काबांनी अंगावरचे दोन्ही कपडे उतरवून त्याला बक्षीस दिले. दुसरे नव्हतेच. मग उसने कपडे घालून ते मशिदीकडे निघाले.

मशिदीत तलहा बिन उबैदुल्लाह उठून धावत आले आणि त्यांनी काबांचा हात हातात घेतला. काब ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. पैगंबरांचा चेहरा आनंदाने उजळला होता. काबांनी विचारलं, ही माफी तुमच्याकडून की अल्लाहकडून? उत्तर आलं, अल्लाहकडून.

तो प्रश्न का विचारला असेल? कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. त्या ८० जणांना माफी लगेच मिळाली होती, खुद्द पैगंबरांनी त्यांच्यासाठी दुआ केली होती. पण कुराणाच्या ज्या नवव्या सूरेत या तिघांची तौबा कबूल झाल्याचं ११८व्या आयतीत येतं, त्याच सूरेत परतलेल्या लोकांसमोर शपथा घेणाऱ्यांना कडक शब्दांत फटकारलंय. माणसं राजी झाली तरी देव राजी होईलच असं नाही, हा त्याचा रोख. त्या सूरेचं नावच ‘तौबा’. म्हणजे दुसऱ्याने तुमच्यासाठी केलेली प्रार्थनासुद्धा तुमच्या खोट्यावर पांघरूण घालू शकत नाही.

पुढे १३व्या शतकात इमाम नववी यांनी ‘रियाजुस्सालिहीन’ हा हदीसचा प्रसिद्ध संग्रह केला. त्यातल्या तौबाच्या प्रकरणात काबांची ही हकिकत आहे. तिथेच त्यांनी तौबाच्या अटी मांडल्यात. चूक थांबवायची, मनापासून पस्तावायचं, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा. आणि चूक दुसऱ्या माणसाच्या हक्काची असेल तर चौथी अट, त्याचं त्याला परत करायचं. नुसती जपमाळ ओढून ते फिटत नाही.

सुटका झाल्यावर काबांना आनंदाच्या भरात सगळी मालमत्ता दान करायची होती. पैगंबर म्हणाले, थोडी ठेव, तुझ्यासाठी ते बरं. मग त्यांनी खैबरमधला आपला हिस्सा ठेवला. आणि ठरवलं, की ज्या खरेपणाने वाचवलं तो जन्मभर सोडायचा नाही. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. हात धरून नेणारा मुलगा अब्दुल्लाह, त्याला त्यांनी हे सगळं सांगितलं. त्याच्याकडून ते पुढच्यांना मिळालं आणि इमाम बुखारींच्या संग्रहात आलं. कविता येणारा माणूस होता. स्वतःची बाजू सजवून मांडणं त्याला काय अवघड होतं? पण दोन उंट दारात होते, हेही त्याने सांगून टाकलं.

मंडळी, आपण ‘सॉरी’ म्हणतो तेव्हा पुढे लगेच काय जोडतो? ट्रॅफिक होतं, नेटवर्क नव्हतं, तब्येत बरी नव्हती. समोरचा मान डोलावतो, विषय संपतो. पण आपल्या मनात तो संपत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असतं. तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, नसा. पुढच्या वेळी गर्दी बघून तोंडातून ‘तोबा’ निघालं, तर छतावर बसलेल्या त्या माणसाला आठवा. मशिदीत त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, तरी तो नमाजला जात राहिला. परत फिरणं म्हणतात ते हेच असावं.

आज इथेच थांबू. भाग आवडला तर ज्याला एक ‘सॉरी’ म्हणायचं राहिलंय त्याला पाठवा. सबब न जोडता, बरं का! भेटू पुढच्या भागात.