बांध फोडणाऱ्याची राजधानी

मेहकरी धरणाच्या भिंतीवर उभे राहा. ऑक्टोबर सरत आलाय, ज्वारी पेरून झालीय आणि आष्टीतला कुणीही करतो तेच तुम्ही करताय: यंदा पाणी किती आलं ते नजरेनं मोजताय. आमच्याकडचा माणूस देवळात गेला तरी आधी आडात डोकावतो.

आता पाण्याच्या उलट दिशेनं चालायला लागा, नदी येते तिकडे. कडा मागं टाका, धानोरा मागं टाका. जसजसे चढाला लागाल तसतशी वर्षं गळत जातील. आधी आष्टी-नगर रेल्वेचे रूळ नाहीसे होतील, ते तर २०२२ साली धावायला लागले. मग विजेचे खांब, मग डांबर, मग निजामाची हद्द. चिचोंडी पाटीलजवळून आत वळून भातोडीला पोचाल तेव्हा १६२४ साल चालू असेल आणि लोक या गावाला भातवडी म्हणत असतील.

नाकाला पहिल्यांदा जाणवतो तो ओला चारा आणि घोड्यांच्या लिदीचा वास. खाली सपाटीला दोन फौजांचे तंबू पसरलेत. एक दिल्लीच्या जहांगीर बादशहाची, लष्करखानाची. दुसरी विजापूरच्या आदिलशहाची, मुल्ला महंमद लारीची. एवढी मोठी छावणी आष्टीच्या आठवडी बाजाराच्या कितीतरी पट आहे, आणि तरी तिच्यात आवाज कमी आहे. धान्य संपत आलंय, दाणागोटा मिळत नाही, माणसं रात्री गुपचूप निघून जाताहेत.

वर मेहकरी नदीवर तलाव आहे. आणि पलीकडे घोड्यावर बसलाय एक म्हातारा. वय पंचाहत्तरीच्या घरात, रंग काळाकुळीत, पाठ ताठ. हा मलिक अंबर, नगरच्या निजामशाहीचा वजीर, हबशी. तो तलावाकडं बघतो, छावणीकडं बघतो. मग बांध फुटतो.

पूर आला आणि सगळे वाहून गेले, असं चित्र डोळ्यांपुढं आणू नका. या पाण्यानं केलं ते वेगळंच काम: चिखल. काळ्या रानात पाणी साचलं की बैलाचे पाय निघत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. इथं हत्ती आहेत, तोफा आहेत, उंट आहेत. वाटा बंद झाल्या, छावणी जागच्या जागी रुतली, आणि मग मराठे आणि हबशी स्वार तुटून पडले. मुल्ला महंमद मारला गेला, लष्करखान कैद झाला.

अंबरच्या बाजूनं लढणाऱ्यांत शहाजीराजे आहेत. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजीराजे याच रानात पडतात. त्यांची समाधी भातोडीत आहे. या दोघा भावांची नावं नगरच्या शाहशरीफ पिराच्या नवसावरून ठेवली, असं परंपरा सांगते. त्यांचे वडील मालोजी ज्यांना मानत ते संतकवी शेख महंमद पुढं श्रीगोंद्याला राहिले, पण मूळचे तुमच्याच तालुक्यातल्या वाहिऱ्याचे समजले जातात. पीर कुणाचा आणि देव कुणाचा, हा प्रश्न त्या काळी या शिवारात कुणी फार ताणत नसे.

थांबू नका. उत्तरेला चला, गोदावरी उतरून पलीकडं. वाटेत १६२१ साल लागेल तेव्हा क्षितिजावर धूर दिसेल; १६१६ लागेल तेव्हा पुन्हा दिसेल. दोन्ही वेळा जळतंय ते एकच शहर, खडकी. अंबरची राजधानी. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबर हरला आणि मोगलांनी खडकी लुटून जाळली. पाच वर्षांनी पुन्हा तेच. दोन्ही वेळा त्यानं ती पुन्हा उभी केली.

असं काय होतं तिथं, की जळालेल्या जागेवरच परत यावं? ते बघायला आणखी मागं जा, १६१० पर्यंत. निजामशाहीची गादी नगर पडल्यावर वणवण फिरलेली. १६०० मध्ये चाँदबिबी गेली, किल्ला मोगलांकडं गेला. अंबरनं मुर्तजा निजामशहाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवलं, म्हणजे आष्टीच्या शेजारीच. मग जुन्नर, मग दौलताबाद. आणि आता दौलताबादजवळ खडकाळ माळावरचं हे खेडं. नावातच खडक. राजधानीला जागा म्हणून कुणी बोट ठेवणार नाही अशी.

भडकल दरवाजा उभा राहतोय, साल १६१२, मोगलांवरच्या विजयाची खूण. मान वर करून त्याची कमान बघा, पण तेवढ्यावर परत फिरू नका. पायाखाली वाका. खाली माणसं खोदताहेत. डोंगराकडून शहरापर्यंत जमिनीच्या पोटातून बांधीव पाट येतोय. भूगर्भात झिरपलेलं पाणी त्यात उतरतं आणि नुसत्या उतारावर गावात येतं. मोट नाही, रहाट नाही. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवलीत, हवा खेळायला आणि गाळ काढायला. ही नहर-ए-अंबरी. मोगल घरं जाळू शकत होते, दरवाजे पाडू शकत होते. जमिनीखालचं पाणी जाळता येत नाही. आज पाणचक्कीसमोर फोटो काढणारे तीच अंबरची नहर समजतात. पाणचक्कीची नहर वेगळी, पुढच्या काळातली.

आणि हा माणूस कुठून आला? आणखी साठ वर्षं मागं सरका, समुद्र ओलांडा. इथिओपियाचा डोंगराळ मुलूख. इथल्या अक्सुम या प्राचीन राजधानीत एकाच दगडातून घडवलेला २४ मीटर उंच स्तंभ आहे. १९३७ मध्ये तो इटलीनं रोमला नेला आणि २००५ मध्ये परत करावा लागला. १५४८ च्या सुमारास याच देशात चापू नावाचं पोर जन्मलं. ते गुलामांच्या बाजारात विकलं गेलं, मोखा, बगदाद असं हातोहात फिरलं. तिथल्या मीर कासिमनं त्याला शिकवलं, अंबर हे नाव दिलं. शेवटी नगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. तो स्वतःही हबशीच. विकत आलेल्या माणसानं पुढं राजा गादीवर बसवला, आणि जमिनीची प्रतवारी व पीक बघून सारा ठरवण्याची अशी पद्धत घातली की तिचं नाव मलिकंबरी धारा म्हणून शेतकऱ्यांच्या तोंडी राहिलं.

आता परत या, पण थेट आष्टीला नको. खुलदाबादला थांबा. चपला बाहेर काढा. हे सुफींचं गाव: जर जरी जर बक्ष इथं, बुऱ्हाणुद्दीन गरीब इथं. गावाबाहेर घुमटाखाली मलिक अंबरची कबर आहे, जवळच त्याच्या बायकोची, बीबी करीमाची. तो १६२६ मध्ये गेला. ज्या बादशाहीशी तो पाव शतक झुंजला, तिचा औरंगजेबही याच गावात, उघड्या मातीच्या कबरीत. अंबरच्या पाठोपाठ सातच वर्षांत दौलताबाद पडलं. खडकीचं नाव फत्तेनगर झालं, औरंगाबाद झालं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. ते वसवणारा मात्र शाळेच्या पुस्तकात गनिमी काव्याच्या एका वाक्यापुरता उरला.

माझं मत विचाराल तर अंबरला लढाईपेक्षा पाण्यात ओळखावं. भातवडीला त्यानं पाणी सोडलं, खडकीला आणलं. अक्सुमचा स्तंभ लांबून दिसतो. या हबशाची राजधानी बघायला खाली वाकावं लागतं. नहरीच्या जुन्या तोंडांवर आज बांधकामं चढताहेत, कचरा पडतोय. संभाजीनगरला गेलात तर लेण्यांच्या वाटेत एक तास काढून ती शोधा, मुलांना दाखवा.

मग घरी या आणि पुन्हा मेहकरीच्या भिंतीवर उभे राहा. चांगल्या पावसात भातोडीचा तलाव भरून सांडला, की ते पाणी आजही आष्टीच्याच वाटेला लागतं.